चौऱ्याण्णवावं पान

पोथीचं त्र्याण्णवावं पान उलटलं आणि हरिहरपंतांच्या बोटांना एकदम लाकडाची फळी लागली.

फळी असणं यात नवल काही नव्हतं. जुन्या पोथ्या अशाच असतात. सुटी लांबोडकी पानं, वर एक फळी, खाली एक फळी, नि भोवती दोरी. पण फळी लागावी ती गोष्ट संपल्यावर, आणि गोष्ट तर ऐन दारात येऊन उभी होती. पंतांनी फळी उचलून खाली पाहिलं. खाली चौरंग होता. मांडी बदलून मांडीखाली पाहिलं. उपरणं झटकलं. चौऱ्याण्णवावं पान कुठंच नव्हतं, आणि समोर ओटीवर नि खालच्या अंगणात मिळून चाळीसएक माणसं श्वास धरून बसली होती.

साल अठराशे त्र्याऐंशी, महिना श्रावण, गाव कल्याण. दरसाल श्रावणात पोथी सांगायचा मान अण्णाशास्त्र्यांचा. यंदा शास्त्रीबुवांचा घसा बसला म्हणून गल्लीनं पंतांना गळ घातली, आणि पंतांनी सासुरवाडीहून आलेलं सोनवेलीचं आख्यान काढलं. ‘तीच ती पोथी किती वर्षं ऐकायची, जरा नवं ऐका,’ असंही ते म्हणाले होते. ते आता सगळ्यांना आठवत होतं.

आख्यान मात्र भारी होतं. सोनवेल ही बंदरातल्या एका सावकाराची सून. नवरा गलबत घेऊन व्यापाराला जातो तो बारा वर्षं येत नाही. बारा वर्षांनी एक गलबत लागतं, त्यातून दाढी वाढलेला, उन्हानं करपलेला, आवाज बदललेला एक माणूस उतरतो आणि म्हणतो, मीच तुझा नवरा. गावचे पंच म्हणतात, तीन सवाल होऊ देत, मग खराखोटा कळेल. सोनवेल विचारते, अंगणात झाड कसलं होतं? तो म्हणतो, आंब्याचं. बरोबर. लग्नात माझी कुठल्या हातातली बांगडी फुटली? डाव्या. तेही बरोबर. आणि मग पंतांनी आवाज चढवून शेवटची ओवी म्हटली होती:

सोनवेल म्हणे ऐका पंच ।
दोन जाहले उरला एकच ।
तिसरा सवाल हाचि साच ।
येथे होय निवाडा ॥

आणि फळी.

“पुढं?” समोरच्या घरातल्या हौसाबाईंनी विचारलं. हौसाबाई सत्तरीच्या, गल्लीतली कुठलीही गोष्ट दुसऱ्या कुणाला आधी कळलेली त्यांना खपत नसे.

“पुढलं पान दिसत नाही,” पंत म्हणाले.

“दिसत नाही म्हणजे? चाळिशी लावा.”

माजघराच्या दारातून पंतांच्या पत्नी गंगुबाई हळूच म्हणाल्या, “आरंभ करण्याआधी पानं मोजणं झालं नव्हतं वाटतं?”

हा घाव वर्मी बसला. हरिहरपंत मामलेदार कचेरीत बारनिशी कारकून होते. म्हणजे कचेरीत आलेला प्रत्येक कागद वहीत चढवायचा आणि गेलेला उतरवायचा. बावीस वर्षांत त्यांच्या हातून कागदाचा एक चिटोराही गहाळ झाला नव्हता. मामलेदार बदलले, कलेक्टर बदलले, एकदा तर कचेरीचं छप्पर उडालं, पण कागद जागच्या जागी. अशा माणसाच्या हातून चाळीस माणसांदेखत आख्खा शेवट गहाळ व्हावा, हे काही साधं नव्हतं. पंत उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आठ दिवसांत पान हजर करतो.”

माणसं कुरकुरत पांगली. लक्ष्मीवहिनी तेवढ्या मागं राहिल्या. शेजारच्या कासारांची ही सून. तिचा नवरा विश्राम अकरा वर्षांपूर्वी एडन बंदरावर कोळशाच्या वखारीत मुकादम म्हणून गेला होता. वर्षातून दोन पत्रं यायची. ती वाचून दाखवायची नि उत्तर लिहायचं काम पंतांचंच. एरवी लक्ष्मीवहिनी कुणाला काही विचारायच्या नाहीत. त्या दिवशी उंबऱ्यापाशी उभं राहून त्या म्हणाल्या, “भावजी, तो खरा होता का हो?”

“कोण?”

“गलबतातून उतरला तो.”

पंतांनी खूप वेळ दोरी गुंडाळली. मग म्हणाले, “पान सापडलं की सांगतो, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून लिहिलं, ‘हरवलेले पान शोधणे.’ मामलेदारसाहेबांनी अर्ज वाचला, पंतांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “विड्याचं?”

“पोथीचं, साहेब.”

“तरी दोन दिवस?”

सगळं आख्यान ऐकल्यावर मात्र साहेबांनी चार दिवस रजा दिली, आणि सही करता करता म्हणाले, “सापडलं तर आधी मला सांगा.”

पहिला मुक्काम अण्णाशास्त्र्यांकडे. घसा बसलेला होता तरी शास्त्रीबुवा हे ऐकून उठून बसले. त्यांच्या मते आख्यान मुळात संस्कृतातलं, प्राकृतात कुणीतरी मागाहून नासवलेलं. “मुळात तिसरा सवाल नाहीच,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “पतिव्रता नवऱ्याची परीक्षा घेईल का? ती डोळे मिटते, आकाशवाणी होते, संपलं.” आणि त्यांनी एक खणखणीत श्लोक म्हटला. पंतांनी भराभर टिपून घेतला आणि विचारलं, “कुठल्या ग्रंथातला म्हणायचा हा?”

“ग्रंथ अजून व्हायचाय,” शास्त्रीबुवा म्हणाले. “श्लोक आत्ता झाला.”

तिथून पंत गेले इस्माईल मुनशींकडे. मुनशी कोकणी मुसलमान, कल्याणात सात पिढ्या. वाडवडलांची गलबतं अरबस्तानापर्यंत जायची. आता गलबतं गेली होती आणि किश्शांच्या वह्या उरल्या होत्या. त्यांनी पंतांपुढं न फोडलेला नारळ ठेवला, कारण पंत आपल्या घरचं काय घेतील नि काय घेणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. “पंत, हा किस्सा आमच्याकडं आहे की,” ते म्हणाले. “फक्त ती सोनवेल नाही, जरीना. आणि झाड खजुराचं.” पंत आनंदानं पुढं सरकून बसले. मुनशींनी वही काढली आणि सुरुवातीपासून सुरुवात केली.

तीन दुपारी पंत तिथं बसले. तिसऱ्या दुपारी गलबत लागलं, माणूस उतरला, दोन सवाल झाले आणि तिसरा विचारायच्या आधी जरीना म्हणाली, थांबा, मला एका उंटवाल्याची गोष्ट आठवते. त्या उंटवाल्याला वाटेत एक हकीम भेटला, त्यानं आपली गोष्ट सांगितली. हकिमाच्या गोष्टीत एक बागवान निघाला.

“मुनशीसाहेब, जरीना परत कधी येते?” पंतांनी विचारलं.

“येईल की. वालिदसाहेब सांगायचे तेव्हा चाळीस दिवसही पुरायचे नाहीत.” मुनशींनी वहीची जाडी बोटांनी मोजली. “शेवट मीही अजून ऐकलेला नाही, पंत, आणि वहीतही तो नाही. प्रत्येक वेळी पाऊस संपायचा नि वडील गलबत घेऊन निघायचे.”

रजा संपत आली. चौथ्या दिवशी पंत सकाळच्या गाडीनं ठाण्याला गेले, कारण जुन्या पोथ्यांची यादी करणारी एक कचेरी तिथं नवीनच उघडल्याचं कानावर आलं होतं. कचेरी म्हटल्यावर पंतांना हायसं वाटलं. शास्त्री, मुनशी ही झाली माणसं. कचेरी म्हणजे घरचा कारभार. टेबलामागच्या गृहस्थांनी छापील फारम पुढं ओढलं.

“पोथीचं नाव?”

“सोनवेलीचं आख्यान.”

“कर्ता?”

“ते शेवटच्या पानावर असतं.”

“शेवटची ओळ?”

“तीही शेवटच्या पानावर असते.”

“मग शेवटचं पान दाखवा.”

“तेच शोधायला आलोय. आपल्या यादीत हिची दुसरी प्रत आहे का, एवढंच पाहायचं.”

“यादी पाहायची तर फारम पुरं भरायला लागतं,” गृहस्थ म्हणाले. “आणि अपूर्ण पोथी तपासणीसाठी ठेवून घ्यायची असा हुकूम आहे.” असं म्हणून त्यांनी पोथी उचलली, मागच्या कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. पंतांनी नुसतं उपरणं सावरलं. बावीस वर्षांची विद्या अशाच दिवसासाठी असते. “ठीक,” ते म्हणाले. “आवक नंबर द्या.”

“फारम पुरं झाल्याशिवाय आवक चढत नाही.”

“म्हणजे पोथी कचेरीत आलेली नाही.”

गृहस्थांनी विचार केला. “कागदोपत्री, नाही.”

“जी आलीच नाही ती ठेवून कशी घेणार?”

गृहस्थांनी कपाट उघडलं, पोथी दोन्ही हातांनी पंतांना दिली आणि आदरानं विचारलं, “आपण कुठं असता?”

“कल्याणला. बारनिशीवर.”

“तरीच,” गृहस्थ म्हणाले.

हा विजय मोठाच होता, पण गल्लीत तो कुणाला सांगून उपयोग नव्हता. आठ दिवस उलटले होते. आता पंत रस्त्यानं निघाले की न्हावी वस्तरा थांबवून विचारी, “सापडलं का?” देवळातला गुरव विचारी. कचेरीत जमिनीच्या वादाला आलेले कुळवाडी वाद सोडून विचारत. भाजीवालीनं गंगुबाईंना स्वतःचा तर्क सांगितला की तिसरा सवाल बायकोच्या आवडीच्या भाजीचा असणार, कारण ते कुठल्याच नवऱ्याला सांगता येत नाही. गंगुबाईंनी तो तर्क जेवताना घरी आणला. पंतांनी वांग्याकडं पाहिलं आणि भात मागितला.

अशात कुणीतरी सुचवलं, सवाल म्हटलं की शाहीर. जवळच्या मोहने गावात दौलत शाहीर राहतो, सवाल-जबाबात त्याचा हात धरणारा कुणी नाही. रविवारी पंत बैलगाडीनं मोहन्याला गेले. दौलत शाहीर गोठ्यापुढं बसून डफाला शेक देत होता. भोवती त्याचे चार साथीदार. पंतांनी आदबीनं सगळं सांगितलं आणि विचारलं, “तर तिसरा सवाल कोणता?”

शाहिरानं डफावर थाप मारली. “पंत, सवाल टाकलात तुम्ही?”

“हो.”

“आता मी उलटा सवाल टाकतो. आमच्या फडाचा नेम असा, जबाब आला नाही तर डोईचं काढून ठेवून जायचं.” आणि पंत काही म्हणायच्या आत त्यानं एक कवन म्हटलं. त्यात पाय नसून चालणारं, तोंड नसून बोलणारं आणि बापाच्या आधी जन्मलेलं असं काहीतरी होतं. पंतांनी खूप विचार केला. पहिल्या दोन कलमांना ‘सरकारी लखोटा’ बसत होता, तिसऱ्याला बसेना. साथीदार अदबीनं वाट पाहत उभे राहिले. शेवटी पंतांनी स्वतःच्या हातानं पगडी काढून दिली. खेळ असला तरी नेम तो नेम. नेम मोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

आता भर दुपारी, बोडक्या डोक्यानं, मान खाली घालून एखादा प्रतिष्ठित माणूस गल्लीत शिरला तर लोकांनी काय समजायचं? त्या काळी बोडकं डोकं म्हणजे घरात कुणीतरी गेलं. हौसाबाईंनी खिडकीतून पाहिलं मात्र, त्या पदर तोंडाला लावून थेट गंगुबाईंच्या स्वयंपाकघरात पोचल्या आणि रडायला लागल्या. गंगुबाई धावत ओटीवर आल्या.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“पगडी,” पंत म्हणाले.

“अगंबाई,” हौसाबाई मागून म्हणाल्या, “दुःखानं बोलणं फिरलंय त्यांचं.”

पंतांना पुरं सांगायला सवडच मिळाली नाही. ओटी माणसांनी भरली. कोण गेलं हे विचारणं वाईट दिसतं म्हणून कुणी विचारीना, आणि आपसांत कुजबुजून लोकांनी ठरवून टाकलं की पंतांची आंबिवलीची आत्याच गेली असणार, वयही झालंच होतं. एक भला माणूस तर परस्पर आंबिवलीला सांगावा द्यायला गेला. तो आत्याच्याच दारात जाऊन पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्वतः गाडीतून उतरली आणि म्हणाली, “हरी, मी कधी गेले ते मला तरी सांग.”

तिला सोनवेलीची गोष्ट सांगून शांत करावं लागलं. ती ऐकून आत्यानं पायांतल्या वहाणा काढल्या, वळकटी आत नेली आणि जाहीर केलं की शेवट कळल्याशिवाय आपण आंबिवलीला परत जायचं नाही. गंगुबाईंनी पंतांकडं एकदाच पाहिलं. तसं पाहणं लग्नानंतर एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदाच झालं होतं.

त्याच दुपारी दौलत शाहीर पगडी घेऊन स्वतः आला. पगडी त्यानं जपून कापडात बांधून आणली होती. “पंत, गंमत केली. तुम्ही खरंच ठेवून जाल असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि आत्याचा अवतार पाहून जरा चपापलाही. “एक सांगतो. हा सवाल आमच्या पोतडीतला नाही. असली बाई पुरुषांच्या गाण्यात नसते. ही बायकांच्या गाण्यातली. दिव्याच्या आवडाबाईला विचारा. आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणते. भटजी नाही, तीच लग्न लावते गाऊन.”

दिवा म्हणजे तेव्हा खाडीकाठचं मिठागरांचं गाव. पंत होडीनं निघाले, ओहोटीला होडी चिखलात रुतली, आणि उरलेली वाट त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून काढली. आवडाबाई मिठागराच्या बांधावर फावडं घेऊन उभी होती. साठीची, काळीसावळी, ताठ. तिनं चिखलानं माखलेल्या पंतांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“लगीन कोनाचं हाय?” तिनं विचारलं.

“लग्न कुणाचंच नाही, बाई. नुसता धवल्याचा शेवट सांगा. चार ओळी.”

“लगीन नाय तं धवला कसा बोलू? त्यो काय गाना हाय? आन शेवट आधी बोलला तं लगीन उलटा लागंल.”

पंतांनी मिनतवारी केली. मग त्यांना वाटलं, आपली पोथी तरी हिला ऐकवावी. पाऊस उघडल्यावरच्या भर उन्हात, पावसासाठी शाकारून ठेवलेल्या मिठाच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी शेवटची पाच पानं वाचली. आवडाबाई फावड्यावर रेलून ऐकत होती. हळूहळू ती सोबत गुणगुणायला लागली, आणि झाडाची ओवी आली तसं तिनं हात वर केला.

“आंबा नाय. फनस.”

“पोथीत आंबा आहे.”

“लिवनाऱ्याला फनस आवडत नसंल,” ती म्हणाली.

पंतांनी हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी शाईनं लिहिलेली गोष्ट, आणि अक्षर ओळखू न येणाऱ्या या बाईला ती सबंध पाठ. कुणापासून कुणाकडं आली असेल? पोथीतून गाण्यात, की गाण्यातून पोथीत? आख्यान सुरू केल्यापासून पहिल्यांदाच त्यांना पानाहून मोठं काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, आणि ते शोधावं असंही वाटलं.

“आता चातुर्मास,” ते म्हणाले. “लग्नं कार्तिकाशिवाय नाहीत.”

“तुमचे बामनान तुलशीचं लगीन लावतान ना? त्ये काय लगीन नाय? मी येतंय.”

असं ठरलं, आणि गल्ली अडीच महिने थांबली. आत्याही थांबली.

तुळशीच्या लग्नाला हरिहरपंतांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मामलेदारसाहेब आले, मुनशी फाटकाशी येऊन बसले, दौलत शाहीर साथीदारांसह आला. अण्णाशास्त्र्यांचा घसा आता ठणठणीत होता आणि रागही. आगरी बाई ब्राह्मणाच्या दारात लग्न गाणार, हे त्यांना रुचलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की आधी शास्त्रीबुवांची मंगलाष्टकं व्हावीत, मग काय ते गाणं. शास्त्रीबुवांनी नेहमीची म्हटली, मग नवीन म्हटली, मग त्यात आकाशवाणीही घातली. दिवे लागायची वेळ झाली तरी ते थांबेनात. अखेर आत्या मोठ्यानं म्हणाली, “अण्णा, तुळस वाळेल.”

आवडाबाई वृंदावनापाशी बसली. पंत ओटीवर दौत-लेखणी घेऊन तयार होते. पण तिची बोली आणि तिचा हळू सूर ओटीपर्यंत पोचेना. चार ओळी निसटल्या. पंत उठले, दौत घेतली, पायऱ्या उतरून खाली आले आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर मातीत मांडी घालून बसले. अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. शास्त्रीबुवांनी पाहिलं, खाकरले, आणि थोड्या वेळानं ‘ऐकू येत नाही’ असं कुणालातरी सांगत तेही एक पायरी खाली आले.

आवडाबाईनं गलबत आणलं, माणूस उतरवला, फणस आला, बांगडी फुटली. मग तिनं डोळे मिटून म्हटलं:

दोन सवाल सोनवेलीचं गो
तिसरा सवाल त्याचा
बारा वरसां काय काय केलंस गो
सांग मना दीस एकेकाचा

पंतांची लेखणी थांबली. तिसरा सवाल तिनं विचारलेलाच नव्हता. पोथीतही तसं म्हटलेलं नव्हतं. ‘उरला एकच’ एवढंच होतं, बाकी सगळं कल्याणनं स्वतःच गृहीत धरलं होतं. गाणं पुढं गेलं. सोनवेल सांगायला बसली. बारा दिवस सांगत होती. पंच उठून गेले, गलबत भरतीला निघून गेलं, आणि तो माणूस तिथंच बसून राहिला. धवला संपला.

“पण खरा होता की खोटा?” हौसाबाई म्हणाल्या. “आकाशवाणी नाही, काही नाही. कळायचं कसं?”

“मना काय ठावं,” आवडाबाई म्हणाली. “धवल्यान हाय त्येवराच मी बोलतंय.” मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “पन बाय, चोर बारा दीस आयकाला बसंल काय?”

निम्म्या लोकांना हे पटलं, निम्म्यांना फसवल्यासारखं वाटलं. मामलेदारसाहेब म्हणाले, हा पुरावा कोर्टात टिकायचा नाही. मुनशी म्हणाले, तो उंटवाला मधे का आला ते आज कळलं, ऐकणारा बसतो की उठतो ते पाहायला. शास्त्रीबुवांनी आवडाबाईला दोन ओळी पुन्हा म्हणायला सांगितल्या, चाल लक्षात राहत नाही म्हणून. आत्या दुसऱ्या दिवशी आंबिवलीला गेली. पंतांनी जुन्या मापाचं पान कापून त्यावर धवला उतरवला, चौऱ्याण्णव आकडा घातला आणि समासात बारीक अक्षरांत शेरा मारला: ‘झाडाविषयी मतभेद आहे.’

दोन दिवसांनी लक्ष्मीवहिनी पत्र लिहून घ्यायला आल्या. पंतांनी कागद घेतला आणि सवयीनं लिहायला लागले: ‘इकडील सर्व खुशाल. आपण केव्हा येणार ते…’

“ते नको, भावजी,” लक्ष्मीवहिनी म्हणाल्या. “अकरा वर्षं तेच विचारतेय. आज विचारायचं काही नाही. सांगायचंय.”

“काय सांगायचंय?”

“पहिल्या दिवसापासून.”

कचेरीतल्या माणसाला एका कागदात मजकूर बसवायची सवय असते. त्यांनी पहिला कागद भरला, दुसरा घेतला. सासूबाई कशा गेल्या, शेवटी त्यांनी कुणाचं नाव घेतलं. कौलं वाऱ्यानं उडाली तेव्हा लक्ष्मीवहिनी स्वतः शिडी लावून वर कशा चढल्या. बांगड्या भरायला त्या कशा शिकल्या, पहिल्या मुलीच्या हाताला काच लागली ती कोण. एका वैशाखात माहेरी कायमचं जायचं म्हणून बोचकं बांधून त्या स्टेशनात गेल्या होत्या. गाडी आली, थांबली, सुटली, आणि त्या परत आल्या नि दाराला कुलूप लावलंच नव्हतं म्हणून कुणालाच कळलं नाही.

इथं पंतांचा हात थांबला. “कुठल्या वर्षी, वहिनी?”

“तुमच्या कचेरीचं छप्पर उडालं त्या वर्षी.”

पंतांनी तेही तसंच उतरवलं. त्यांना छप्पर आठवलं, प्रत्येक कागद आठवला. भिंतीपलीकडचं काही आठवेना. गंगुबाई कधी येऊन दारात बसल्या होत्या ते त्यांना कळलंही नव्हतं. तीन दुपारी लिहिणं चाललं. चौदा कागद झाले, तरी मजकूर स्टेशनावरून परत येण्यापर्यंतच पोचला. ‘कळावे, लोभ असावा’ लिहायला जागाच उरली नाही, म्हणून ते राहिलं. टपालातल्या बाबूनं पाकीट हातात तोलून विचारलं, “सरकारी आहे का?” पंत नाही म्हणाले.

माघ लागला, तेव्हा एडनहून उत्तर आलं. लक्ष्मीवहिनी उंबऱ्याच्या आत बसल्या, गंगुबाई त्यांच्याशेजारी. पंतांनी चाळिशी लावली. विश्रामला लिहिता येत नसे. तिथल्या कुणा कारकुनाचं ठसठशीत मोडी अक्षर होतं, पंतांच्याच वळणाचं. मजकूर छोटा होता.

‘पत्र पावले. वखारीचे काम सोडून तीन दिवस वाचून घेतले. मधे उठलो नाही. स्टेशनावरून परत आलीस, त्यापुढे काय झाले ते लवकर लिहिणे. फाल्गुनाच्या बोटीची चौकशी केली आहे.’

पंतांनी कागद खाली ठेवला. लक्ष्मीवहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग गंगुबाईंनी विचारलं, “खाली आणखी काहीतरी आहे ना?”

होतं. समासात, अगदी बारीक. पंतांनी कागद उजेडाकडं धरला आणि वाचलं:

‘ता. क. पत्र वाचून दाखवणाऱ्यासही पुढील मजकूर हवा आहे. कचेरीच्या छपराचे काय झाले तेही लिहावे.’

पंतांनी कोरा कागद ओढला, लेखणी दौतीत बुडवली आणि म्हणाले, “हं, वहिनी. स्टेशनावरून परत आलात. पुढं?”